डायलिसिसच्या नळीनंतर अरुंद झालेली शीर: साधा फुगा की औषधाचा फुगा?

हातातला फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनी व शीर जोडून केलेली जागा) वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडील अनेक रुग्णांचे डायलिसिस मानेत नळी टाकूनच सुरू होते. ही नळी श्वासागणिक आणि हृदयाच्या ठोक्यागणिक शिरेच्या भिंतीला घासते. तिथे स्नायुपेशी वाढून आतले अस्तर जाड होते आणि शीर अरुंद होते. फिस्टुलाच्या शिरेतही रक्ताच्या जोरदार प्रवाहामुळे असेच घडते. पुढे हात सुजतो, छातीवर शिरा उठून दिसतात, सुई काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही, मशीनवर व्हीनस प्रेशर (शरीरात परत जाणाऱ्या रक्ताचा दाब) वाढलेले दिसते. मग अँजिओप्लास्टीचा, म्हणजे फुगा फुगवून शीर रुंद करण्याचा, सल्ला मिळतो आणि प्रश्न येतो तो फुग्याचा.

साधा फुगा जास्त दाबाने फुगवून अरुंद भाग ताणला जातो. तो स्वस्त आहे आणि रक्तप्रवाह लगेच सुधारतो. मात्र हे ताणणे हीसुद्धा शिरेला झालेली इजाच असल्याने काही महिन्यांत तीच जागा पुन्हा अरुंद होऊ शकते. औषधाच्या फुग्यावर बहुधा पॅक्लिटॅक्सेलचा थर असतो आणि हे औषध पेशींची वाढ रोखते. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी: हा फुगा साध्या फुग्याऐवजी वापरायचा नसतो. आधी साध्या फुग्याने शीर पुरेशी मोकळी करावी लागते, मगच औषधाचा फुगा त्याच जागी काही मिनिटे भिंतीला टेकवून ठेवतात. साहजिकच खर्च दोन्हींचा होतो.

हा वाढीव खर्च सार्थकी लागतो का? 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 330 रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सहा महिन्यांनंतर उपचार केलेली जागा औषधाच्या फुग्याने 82.2 टक्के, तर साध्या फुग्याने 59.5 टक्के रुग्णांत मोकळी राहिली होती. याउलट ब्रिटनमधील 212 रुग्णांच्या चाचणीत (2021) दोन्हींमध्ये फरक आढळला नाही. दोन्ही चाचण्या हातातील फिस्टुलाच्या होत्या. नळीमुळे छातीतली मोठी शीर अरुंद झाली असेल, तर हे आकडे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. पायाच्या धमन्यांत हे औषध वापरल्याने मृत्यूचा धोका वाढतो, अशी शंका 2018 मध्ये पुढे आली होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2023 मध्ये अधिक माहिती तपासून, असा जादा धोका दिसत नसल्याचे सांगितले.

माझे मत असे की, पहिल्यांदाच अरुंद झालेल्या फिस्टुलासाठी चांगल्या दाबाने केलेली साधी अँजिओप्लास्टी पुरेशी मानावी. तीच जागा थोड्याच महिन्यांत पुन्हा बंद होऊ लागली आणि शहाद्याहून सुरत किंवा चोपड्याहून नाशिक अशा खेपा, बुडालेली मजुरी यांचा भार वाढू लागला, तर औषधाच्या फुग्याचा विचार जरूर करावा. तो सरकारी आरोग्य योजनेत बसतो का, हे दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारावे. नळीवरचा जंतुरोधक किंवा रक्त गोठू न देणारा लेप शीर अरुंद होणे रोखण्यासाठी नसतो, म्हणून त्या आशेने महागडी नळी घेऊ नये. छातीतल्या शिरेच्या बाबतीत फुग्याच्या निवडीहून अधिक महत्त्वाचे म्हणजे फिस्टुला लवकर करून घेणे, नळी गळ्याखालच्या हाडामागील शिरेत न टाकता शक्यतो मानेच्या उजव्या बाजूने टाकणे आणि फिस्टुला चालू होताच ती काढण्याची तारीख डॉक्टरांकडून ठरवून घेणे.