घरगुती धूलिकण मापक वास्कोत किती खरे बोलतो?

चार-पाच हजार रुपयांच्या आसपास मिळणारा, पीएम २.५ आणि पीएम १० (हवेतील अनुक्रमे अडीच आणि दहा मायक्रोमीटरपर्यंतचे कण) असे दोन आकडे सतत दाखवणारा एक घरगुती मापक मी गोव्यातील वास्कोत, मांगूर हिलच्या उतारावरील घराच्या खिडकीत, पावसाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वापरला. कंपनीचे नाव देत नाही, कारण या किमतीच्या बहुतेक मापकांची पद्धत एकच असते. आतला लहानसा पंखा हवा ओढून घेतो, लेझरचा किरण हवेतील कणांवर पडून विखुरतो आणि त्या विखुरलेल्या प्रकाशावरून यंत्र धुळीचा अंदाज बांधते. कणांचे वजन कोठेच होत नाही, आणि समुद्रकाठच्या बंदराच्या गावात सगळी गोम तेथेच आहे.

जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येचा वारा थेट अरबी समुद्रावरून येतो आणि वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पडणारा गोव्याचा पाऊस बहुतेक याच महिन्यांत कोसळून हवेतील धूळ खाली बसवतो. वर्षातील सर्वांत स्वच्छ हवा ती हीच. तरीही श्रावणात वास्कोत होणाऱ्या दामोदर सप्ताहाच्या सुमारास, पावसाची उघडीप असताना, मापकावर अधूनमधून नारिंगी दिवा लागत असे. दमट हवेत मिठाचे सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात, फुगलेला कण अधिक प्रकाश विखुरतो आणि यंत्र त्यालाच धूळ समजते. आर्द्रतेचा आकडा याच पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो, पण मोजणीत तो कोठे विचारात घेतल्याचे जाणवले नाही.

हिवाळ्यात मात्र हे उपकरण आपली किंमत वसूल करते. पाऊस सरला की रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, पूर्वेकडून मंद मतलई वारे सुटतात आणि जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकून पडते. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला तापमानाची विपरीतता म्हणतात ती हीच. ट्रकांचा, जाळलेल्या पाल्यापाचोळ्याचा आणि आतल्या भागातून आलेला धूर या झाकणाखाली साचत जातो, पहाटे आकडा सर्वांत वर असतो, आणि ऊन तापून खारे वारे सुरू झाले की तो भराभर उतरतो. दिवाळीत नरकासुर जाळण्याच्या पहाटे तर चढ इतका सरळ होता की फटाक्यांच्या माळा कधी लागल्या हे आलेखावरून सांगता आले असते. धुराचे कण बारीक असल्याने हवेबरोबर सहज आत ओढले जातात आणि लेझरला सापडतात. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर सकाळचा फेरफटका किती वाजता सुरू करावा, हे ठरवायला एवढी माहिती पुरेशी आहे.

वास्कोकरांना ज्या प्रश्नाचे उत्तर खरोखर हवे असते तो कोळशाचा, आणि तेथेच मापक हात टेकतो. कोळसा जेथे उतरतो ते मुरगाव बंदर झुआरी नदीच्या मुखाशी, शहराच्या वायव्येला आहे. मार्च ते मे या महिन्यांत दुपारनंतर खारे वारे बहुधा वायव्येकडूनच जोराने वाहतात, म्हणजे कोळशाच्या राशी आणि वस्ती एकाच रेषेत येतात. अशा संध्याकाळी खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवले तर ते काळे होते आणि शेजारी ठेवलेल्या मापकाचा दिवा हिरवा असतो. कोळसा उतरवताना आणि भरताना उडणारी पूड बरीचशी जाडसर असते. असे कण या लहान पंख्याने नीट आत ओढले जात नाहीत, आणि पीएम १० म्हणून दाखवला जाणारा आकडा बारीक कणांवरून लावलेला अंदाज असतो. पीएम १० साठी भारतीय मानकाची २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. ती ओलांडली की नाही हे या यंत्रावरून ठरवू नये, आणि हिरवा दिवा दाखवून बंदराची बाजू मांडणाऱ्यालाही ते ठरवू देऊ नये.

रंगांच्या मर्यादा कोणत्या मानकावर आधारलेल्या आहेत, हे माहितीपत्रकात लिहिलेले नाही. पीएम २.५ साठी भारतीय मर्यादा २४ तासांच्या सरासरीला ६० आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली. एवढ्या फरकात एकच हवा एका हिशेबाने हिरवी आणि दुसऱ्याने लाल ठरू शकते. त्यामुळे दिव्यापेक्षा आकडा वाचावा, आणि तोही दर मिनिटाचा न धरता दिवसाची सरासरी काढून.

बांधणी सुबक आहे, मोबाइलवरील आलेख समजायला सोपा आहे. खाऱ्या हवेने मात्र पंख्याची घरघर उन्हाळ्यापर्यंत वाढली आणि तो बदलून देण्याची सोय विक्रेत्याकडे नव्हती. समुद्राच्या बाजूच्या खिडकीत ठेवायचा असेल तर पंखा सुटा मिळणारा मापकच घ्यावा.