दहावीच्या गणितासाठी क्लास शोधत असाल तर इथे नक्की जा

आमची लेक आधी एका मोठ्या क्लासला होती, तिथे फळ्यावर सूत्र आणि खाली दहा गणितं, झालं, म्हणून नववीनंतर तिला इथे बाईंकडे घातलं आणि फार बरं झालं. बाई गणित हातात देतात, म्हणजे काय ते सांगते. एक दिवस राजम्याची बरणी आणली आणि म्हणाल्या, न मोजता सांगा आत किती दाणे आहेत. कोणी 200 म्हणालं कोणी हजार. मग 60 दाणे काढून त्यांवर मार्करचा ठिपका दिला, परत बरणीत टाकले, खूप हलवलं आणि न बघता 50 दाणे काढले, त्यात ठिपक्याचे निघाले 6. म्हणजे 6 भागिले 50 बरोबर 60 भागिले x (x म्हणजे बरणीतले एकूण दाणे), x आला 500. नंतर पोरांनी बसून सगळे मोजले तर 528! मग तेच परत केलं पण बरणी न हलवता वरवरचे 50 काढले, तर ठिपक्याचे 19 आले आणि उत्तर जेमतेम 158. नमुना यादृच्छिक, म्हणजे न निवडता कसाही काढलेला, का पाहिजे हे यापेक्षा चांगलं कसं समजावणार? घरी येऊन लेक मलाच विचारते, 600 मुलांच्या शाळेत चष्मेवाले किती ते काढायचं तर फक्त पहिल्या बाकांवरची मुलं का नाही घ्यायची सांग. (चष्मेवाल्यांना पुढे बसवतात ना!) सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकून 40 काढा, त्यात 14 चष्मेवाले निघाले तर शाळेत साधारण 210, हे तोंडी करते आता.

बीजगणितात बाईंचा एक नियम आहे तो मला फार पटला, शाब्दिक उदाहरणात x म्हणजे काय ते आधी मराठीत पूर्ण वाक्यात लिहायचं, नाहीतर वही तपासतच नाहीत. वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट, 12 वर्षांनी दुप्पट, असल्या गणितात पोरं इथेच गडबडतात, आजचं वय का नंतरचं तेच ठरलेलं नसतं. आणि उत्तर आलं की ताळा घ्यायचाच, 12 आणि 36 आले तर 24 आणि 48 करून बघ. क्रेमरच्या पद्धतीतली (दोन समीकरणं निश्चयक मांडून सोडवतात ती) वजा चिन्हाची चूक ताळ्यात लगेच सापडते.

कमी काय वाटलं तर पेपरचा सराव. गणित भाग 1 चा, म्हणजे बीजगणिताचा, बोर्डाचा पेपर 40 मार्कांचा, वेळ 2 तास, आणि बाई इतक्या सावकाश शिकवतात की घड्याळ लावून सोडवायची सवय घरी करून घ्यावी लागते, आम्ही जुने बोर्डाचे पेपर आणून रविवारी बसवतो. भूमिती पण उशिरा सुरू होते. खोली लहान आहे, उन्हाळ्यात गरम होतं, गाडी लावायला जागा नाही. फी मोठ्या क्लासच्या मानाने बरीच कमी आहे. मुलं थोडीच घेतात त्यामुळे जूनमध्ये जाऊन उपयोग नाही, एप्रिलमध्येच विचारून ठेवा, आणि मुलाला सोबत न्या कारण त्या आधी त्याच्याशीच बोलतात.