अडोबी घरं, नऊ महिने टेबलावर: काय टिकलं, काय पुन्हा लिंपावं लागलं

नऊ महिन्यांपूर्वी मी टेबलावर खेळायच्या युद्धखेळातल्या २८ मिमी मिनिएचरसाठी, म्हणजे तेवढ्या उंचीच्या छोट्या आकृत्यांसाठी, एकोणिसाव्या शतकातल्या न्यू मेक्सिकोचं (अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचा भाग) अडोबी, म्हणजे कच्च्या विटांच्या, घरांचं एक छोटं गाव करायला घेतलं. एकूण सात इमारती: पाच घरं, अंगणाला भिंत असलेलं एक कोठार आणि एक लहान चर्च. त्यातली दोन घरं तयार लेझर-कट एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) किटची, बाकी सगळं एक्सपीएस फोमच्या (थर्माकोलसारखा, पण घट्ट) पाट्यांतून हाताने कापलेलं. तेव्हापासून जवळजवळ दर आठवड्याला त्यावर डाव होतोय. खोक्यातून काढायचं, मांडायचं, छपरं उचलायची, परत खोक्यात भरायचं, हे निदान तीस वेळा झालं. नुकतं रंगवलेलं घर फोटोत कुणाचंही छान दिसतं. तीस डावांनंतर ते कसं दिसतं, ते मला इथे लिहायचंय.

आधी निकाल सांगून टाकते. फोमची घरं किटच्या घरांपेक्षा चांगली टिकली, आणि त्याचं बरंचसं श्रेय गिलाव्याला आहे. रंगवायची पद्धत सगळ्यांची सारखीच होती.

किटबद्दल थोडक्यात. अडोबी म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचं बांधकाम. माती, वाळू आणि काड कालवून साच्यात थापायचं, उन्हात सुकवायचं आणि त्याच चिखलाने जोडायचं. न्यू मेक्सिकोतली नेहमीची वीट १० इंच रुंद, १४ इंच लांब आणि ४ इंच जाड, आणि दोन फूट जाडीची भिंत तिथे काही विशेष नाही. २८ मिमी मिनिएचरच्या १:५६ या प्रमाणात दोन फुटांचे जवळपास ११ मिमी होतात. किटची भिंत होती ३ मिमी. खिडकीतून बघितलं की घर पुठ्ठ्याचं वाटतं, कारण अडोबीच्या खिडकीला खोल कोनाडा असतो आणि तो इथे नाहीच. कोपरे चाकूने कापल्यासारखे धारदार. पहिलं किट मी तसंच जोडलं आणि आजही ते टेबलावर उपरं दिसतं. दुसऱ्याला आतून ५ मिमी फोमबोर्डचं अस्तर लावलं आणि बाहेरचे कोपरे घासून गोल केले, तेव्हा कुठे ते गावात मिसळलं. मजबुतीला मात्र किटला नावं ठेवायला जागा नाही. एकदा टेबलावरून खाली पडलं, तरी फक्त एक सांधा उघडला.

फोमच्या घरांसाठी मी १० मिमी जाडीची पाटी घेतली. भिंती कापून, पीव्हीए (पांढरा गोंद) लावून, टाचण्या टोचून रात्रभर ठेवायच्या. नंतर मला सगळ्यात आवडणारं काम: कोपरे आणि गच्चीच्या कठड्याची वरची कड सॅंडपेपरने घासायची आणि अंगठ्याने दाबत दाबत गोल करायची. खऱ्या अडोबीत सरळ रेषा पावसापुढे टिकत नाही. भिंत वर निमुळती होते आणि कठड्याला हलका उतार येतो. पायाशी तर उडालेल्या पाण्याने खोबण पडते. ही खोबण मी जमिनीपासून साधारण ५ मिमी उंचीवर चमच्याच्या पाठीने दाबून केली. कुणाच्या ती लक्षात येत नाही, पण ती नसलेलं घर शेजारी ठेवलं की लगेच काहीतरी खटकतं.

विटा सगळीकडे कोरू नका. अडोबीचं घर लिंपलेलं असतं. वीट दिसते ती गिलावा निघालेल्या जागी, म्हणजे बहुतेक पायाशी, खिडकीखाली किंवा पन्हळीच्या बाजूला. मी एका घराला तीनच ठिकाणी विटा दाखवल्या. बोथट पेन्सिलीने आधी आडवे थर ओढले, दोन रेघांत जेमतेम २ मिमी. मग ६ मिमीवर उभे सांधे, प्रत्येक थरात अर्धी वीट सरकवून. पेन्सिलीचं टोक प्रत्येक विटेच्या एका कोपऱ्यावर किंचित दाबलं की वीट झिजलेली दिसते. या जागेभोवती गिलाव्याची कड जाड आणि फाटकी ठेवायची, म्हणजे पोपडा खरा वाटतो.

आता गिलावा. पहिल्या घराला मी पांढरी वॉल पुटी लावली आणि वर रंग दिला. वाळल्यावर घर सुरेख दिसलं, हाताला दगडासारखं कडक लागलं आणि मी खूश झाले. तिसऱ्या डावात खोक्यात ठेवताना कोपरा कशावर तरी आपटला आणि नखाएवढा टवका उडाला. आत पांढराशुभ्र. तो ठिपका खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसायचा. पुढच्या महिन्याभरात तसे अकरा टवके मोजले. पुटी कडक, फोम मऊ. फोम दबला की वरचं कवच वाकत नाही, थेट तुटतं.

म्हणून उरलेल्या चारही इमारतींना वेगळं मिश्रण केलं. चार चमचे हलका अॅक्रिलिक फिलर (भेगा भरायचा लगदा), एक चमचा पीव्हीए, एक चमचा तपकिरी अॅक्रिलिक रंग, अर्धा चमचा चाळलेली बारीक वाळू आणि दह्याइतकं सैल होईल एवढंच पाणी. हे जुन्या राठ ब्रशने आणि मधूनमधून बोटाने लिंपायचं, एक मिमीच्या आतबाहेर. जाड थर एकदम दिला तर भेगा पडतात, म्हणून दोन हात द्यायचे आणि मध्ये एक रात्र जाऊ द्यायची. पीव्हीएमुळे हा थर किंचित लवचीक राहतो. आणि रंग अंगातच असल्यामुळे टवका उडाला तरी आत तपकिरीच दिसतं. सहाव्या महिन्यात माझ्यासमोर खेळणारा मित्र चर्चचा कोपरा न्याहाळत म्हणाला, "अगं, हा पोपडा तू रंगवलायस की खरंच निघालाय?" खरंच निघाला होता, आणि तो मला तोवर दिसलाही नव्हता.

खऱ्या अडोबीलाही हाच अनुभव आला आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. न्यू मेक्सिकोतल्या रांचोस दे ताओस गावचं सान फ्रान्सिस्को दे असीस चर्च गावकरी दरवर्षी एकत्र येऊन मातीने लिंपतात. १९६० च्या दशकात तिथे कडक सिमेंटचा गिलावा चढवला गेला. त्याच्या आड ओल अडकून आतल्या विटा खराब व्हायला लागल्या, म्हणून तो काढून पुन्हा मातीच लावली. मऊ भिंतीला मऊच गिलावा हवा, मग ती भिंत चर्चची असो की फोमची. हे वाचल्यावर मी पहिल्या घराची सगळी पुटी खरवडून काढली आणि ते नव्याने लिंपलं.

एक अपघात सांगायलाच हवा. कोठार लिंपून झाल्यावर घाईत मी त्यावर डब्यातला स्प्रे प्रायमर मारला. गिलावा सगळीकडे बसलाय अशी माझी खात्री होती. छपराच्या खाचेत आणि एका खिडकीच्या आत फोम उघडा राहिला होता. स्प्रेमधल्या द्रावकाने तो खाल्ला. पाच मिनिटांत खिडकीची चौकट आत ओढली गेली आणि भिंतीला झाव्यासारखी भोकं पडली. ती भिंत कापून नवी बसवावी लागली. त्यानंतर फोमच्या जवळ मी स्प्रेचा डबा आणलेला नाही. गिलाव्यातच रंग असल्यामुळे प्रायमरची तशी गरजही उरत नाही. हॉट ग्लूचंही तेच: बंदूक तापलेली असताना फोमला लावली की सांध्यात खड्डा पडतो.

भिंतीतून बाहेर डोकावणारे वासे, ज्यांना तिकडे विगा म्हणतात, ते अडोबी घराची ओळखच. ३ मिमी जाडीच्या बांबूच्या काड्या प्रमाणात अगदी बरोबर बसतात. किटच्या घरावर मी ते तुकडे वरून चिकटवले होते. नऊ महिन्यांत सहा तुटले. फोमच्या घरात काडी २० मिमी आत खुपसली आणि बाहेर ८ मिमी ठेवली. तिथे एकही गेली नाही. काडीचं टोक चाकूने ओबडधोबड करा, करवतीने कापल्यासारखं गोल गुळगुळीत ठेवू नका. पन्हळीसाठी काडी उभी चिरून मधून कोरली, आणि तिच्या खाली भिंतीवर पातळ गडद रंगाचा ओघळ ओढला.

छप्पर उचलता येणं खेळासाठी फार महत्त्वाचं आहे, कारण निम्मी चकमक घरातच होते. मी छप्पर कठड्याच्या माथ्यापासून १२ मिमी खाली, आतल्या पट्टीवर टेकवलं. गच्चीवर उभ्या केलेल्या बंदूकधाऱ्याला त्यामुळे कमरेपर्यंत आडोसा मिळतो. चूक अशी झाली की छप्पर आधी अचूक मापाचं कापलं आणि भिंती नंतर आतून लिंपल्या. दोन घरांची छपरं अडकली आणि एकाचं काढताना कठडा तडकला. चारी बाजूंनी दीड मिमी मोकळी सोडा. उचलायला मूठ हवी, म्हणून गच्चीवर शिडीचा झरोका केला आणि शिडीचं वरचं टोक पक्कं चिकटवलं. ताओस पुएब्लोत, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या अडोबी वस्तीत, पूर्वी तळमजल्याला दारंच नसायची, शिडीने गच्चीवर चढून वरून आत उतरायचं. त्यामुळे ही मूठ मूठ वाटतच नाही.

रंगाबद्दल फार लिहीत नाही, कारण अर्धं काम गिलाव्याने केलेलं असतं. गडद तपकिरीवर ओकर आणि थोडी भाजकी सिएना यांचा मधला हात, मग त्यात पांढरा मिसळत दोन वेळा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर रंग. शेवटचा हात इतका कोरडा की ब्रश कागदावर फिरवला तर खूण उमटू नये. पायाशी तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारख्या पातळ रंगाचा हात. सगळ्या घरांना एकच छटा देऊ नका. ज्या जमिनीची माती, त्या रंगाचं घर, पण लिंपण वेगवेगळ्या वर्षीचं असतं. मी एका घरात थोडा गुलाबी, एकात थोडा करडा टाकला. दारं निळी केली. त्या भागात निळं दार खूप दिसतं, आणि एवढ्या मातकट रंगात डोळ्याला तेवढीच एक विसाव्याची जागा मिळते.

आता तक्रारी. पहिल्या महिन्यात गिलाव्यातली वाळू सतत झडत होती. त्याहून वाईट म्हणजे कठड्यावरचे टोकदार कण मिनिएचरचा रंग खरवडायचे. माझ्या दोन स्वारांच्या गुडघ्यांवर धातू दिसायला लागला. जिथे आकृत्या घासतात तिथे, म्हणजे कठड्याची आतली कड, दाराची चौकट आणि गच्ची, मी बारीक सॅंडपेपर फिरवला आणि पाण्यात पातळ केलेल्या पीव्हीएचा हात दिला. त्यानंतर झड थांबली. अंगणाची लांब भिंत एकाच बाजूने लिंपल्यामुळे धनुष्यासारखी वाकली. दुसऱ्या बाजूलाही तेवढाच ओला थर दिला आणि वजनाखाली ठेवली, तेव्हा ती बरीचशी सरळ झाली. आणि फोमची घरं फार हलकी असतात. बाही लागली की घर सरकतं आणि आतल्या आकृत्या पडतात. प्रत्येक घराखाली ३ मिमी एमडीएफचा तळ लावून त्यात लोखंडी वॉशर चिकटवले, मग हा त्रास गेला.

ही घरं वापरता वापरता आमचे घरचे नियमही बदलले. १८४७ मध्ये ताओस पुएब्लोच्या चर्चमध्ये अमेरिकी ताब्याविरुद्ध उठलेल्या बंडखोरांनी आसरा घेतला, तेव्हा अमेरिकी सैन्याच्या तोफांना अडोबीच्या भिंती लांबून फुटेनात. शेवटी कुऱ्हाडींनी भिंतीला भोकं पाडली आणि तोफ अगदी जवळ आणून खिंडार मोठं केलं. आम्ही तसंच ठेवलं: तोफेचा गोळा अडोबीच्या भिंतीत रुततो, खिंडार पाडायचं तर कुणीतरी भिंतीला भिडून खेळाच्या दोन फेऱ्या घालवायच्या. आगीचा नियम न्यू मेक्सिकोतल्या लिंकन गावावरून घेतला. तिथे जुलै १८७८ मध्ये दोन गटांच्या लढाईत मॅकस्वीन या एका गटप्रमुखाच्या अडोबी घराला आग लावली गेली आणि ती एकेका खोलीतून हळूहळू पुढे सरकत गेली. भिंती जळत नाहीत, लाकडी छप्पर आणि आतलं सामान जळतं. म्हणून आमच्याकडे दर फेरीला एकच खोली पेटते आणि आतली माणसं पुढच्या खोलीत सरकत राहतात. गेल्या महिन्यात एका डावात शेवटच्या खोलीत चार जण उरले होते, बाहेर अंधाराच्या दोन फेऱ्या बाकी होत्या, आणि आम्ही दोघंही छप्पर उचलून त्या ११ मिमी जाड भिंतींच्या आत बराच वेळ बघत बसलो होतो.

नवीन सुरुवात करणाऱ्याने किट घ्यावं का? कापाकापी जमत नसेल किंवा पुढच्या आठवड्यात डाव असेल तर घ्या, पण आतून अस्तर लावा, कोपरे गोल करा आणि दार मोजून घ्या. माझ्या एका किटचं दार १८ मिमी होतं, त्यातून २५ मिमी तळाची मिनिएचर जात नाही. हाताने करणार असाल तर पहिलं घर एका खोलीचं, साधं चौकोनी करा आणि त्याच्यावर फक्त गिलाव्याचं प्रमाण जमवा.

दर दोन महिन्यांनी मी सगळी घरं एकदा उजेडात फिरवून बघते आणि टवके भरते. सात इमारतींना मिळून तासभर लागतो. त्यासाठी उरलेलं मिश्रण घट्ट झाकणाच्या डबीत ठेवलंय, वरून चमचाभर पाणी टाकून. प्रत्येक घराच्या छटेची डबी वेगळी आहे, आणि झाकणावर रंगाचं प्रमाण आणि कालवल्याची तारीख लिहिलेली आहे.