गरीब घोडी की वाकडा घोडा: रपेट कोणावर शिकावी?

मराठा फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा आणायचा, बारगिराला सरकारी मिळायचा. नागपुरात रायडिंगच्या क्लासला जाणारे आपण बहुतेक बारगीरच. सर देतील त्यावर बसायचं. पण सरांनी 'कोणावर बसता?' असं विचारलंच, तर? मी दोन्हींवर शिकलोय. आठ महिने राणीवर, मग दीड वर्ष बादलवर.

राणी गरीब घोडी. पहिले काही महिने अशीच हवी, यात दुमत नसावं. लगामाला न लोंबकळता दुडकीत, म्हणजे हळू धावीत, तालावर खोगिरात उठबस जमेपर्यंत खालचं जनावर सरळ चालणारंच असावं. लहान मुलांसाठी, पाठीचं दुखणं असलेल्यांसाठी तर पुढेही तीच बरी.

पण तिची एक गोष्ट मला शेवटी सहन होईना. ती माझं नाही, सरांचं ऐकायची. त्यांनी मैदानाच्या मधून 'ट्रॉट' म्हटलं की माझी टाच लागायच्या आधीच दुडकी सुरू. 'हॉल्ट' म्हटलं की उभी. मला वाटायचं, जमलं. एकदा सरांचा फोन आला, ते बाजूला गेले. मी पोटऱ्या दाबत राहिलो, ती जागची हलली नाही. इतक्या महिन्यांत माझा एक तरी इशारा तिला कळला होता का? त्या दिवशी घरी जाताना फार वाईट वाटलं.

बादलचं सगळं उलट. उजवीकडे वळायला कडक; उजव्या फेरीत मान बाहेर, खांदा आत, आणि गोल दर फेरीला लहान. घोड्याचं साधारण ६० टक्के वजन तसंही पुढच्या पायांवर असतं, त्यात यानं आतल्या खांद्यावर सगळा भार टाकला की हातात धान्याचं पोतं धरल्यासारखं होतं. महिनाभर मी डावा लगाम ओढून त्याला बाहेर काढत होतो आणि तो आणखी आत येत होता. मग सरांनी मला लंजवर घेतलं, म्हणजे लांब दोरीनं घोडा स्वतःभोवती गोल फिरवला, आणि रिकिबी काढल्या. तेव्हा दिसलं, उजवीकडे मीच कलत होतो. सरळ बसून आतली पोटरी लावली, बाहेरचा लगाम नुसता धरून ठेवला, की तो खांदा उचलायचा. जरा ढिलाई झाली की पुन्हा पडायचा. चूक की बरोबर, ते त्याच पावलाला समजायचं.

अर्थात वाकडेपणा कधीकधी दुखणंही असतो. खोगीर नीट बसतंय का, दातांना धार आली आहे का, नालबंद सहा-आठ आठवड्यांनी येतो का, हे आधी विचारा. बादलच्या दाढा घासल्यावर त्याचा निम्मा हट्ट गेला, असं मला तरी वाटलं. आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या ओल्या मैदानावर असा घोडा नकोच, तो स्वतःला सावरू शकत नाही. मेमध्येही पहाटेचाच क्लास घ्या. थकला की तो जास्तच पुढे पडतो.

लंजवर घेणारे सर असतील आणि सहा-आठ महिन्यांची बैठक झाली असेल, तर मी बादलसारख्याकडे जा म्हणेन. परवा बऱ्याच दिवसांनी राणीवर बसलो. सरांना म्हटलं, आज तुम्ही काही बोलू नका. पोटरी हलकेच लावली. राणीचे कान मागे माझ्याकडे वळले आणि ती दुडकीला लागली.