ए३ डिस्प्ले फाईल: फॅशन डिझाईनच्या पोर्टफोलिओसाठी काही महिने वापरल्यावर

पोर्टफोलिओ, म्हणजे प्रवेशाच्या मुलाखतीला दाखवायचा आपल्या कामाचा संग्रह, करायला घेतला की स्पायरल स्केचबुक घ्यायचं की सुटे कागद आणि फाईल, इथूनच सुरुवात होते. मी नाशिकला मेन रोडवरून ए३ मापाची, प्लास्टिकच्या २० कप्प्यांची काळी फाईल घेतली. पावसाळ्यापासून जानेवारीपर्यंत ती रोज हाताळली आणि आता ठामपणे सांगते, फाईलच घ्या.

पानांचा क्रम शेवटपर्यंत बदलत राहतो, म्हणून. माझा मुख्य विषय येवल्याची पैठणी. तिथे मागावरच्या काकांनी पदर उलटून दाखवला, तर मागची बाजू अगदी पुढच्यासारखीच! प्रत्येक रंगाची वेगळी कांडी आपल्या भागापुरती फिरते, शेजारच्या रंगात अडकून परत येते, त्यामुळे मागे धागे लोंबत नाहीत. त्यावरून दोन्ही बाजूंनी घालता येईल असं जॅकेट सुचलं. मग मुनियाची, म्हणजे पैठणीवरच्या पोपटाच्या नक्षीची, कच्ची रेखाटनं, कागदी पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेले नमुने, मांजरपाटावर (साध्या कोऱ्या सुती कापडावर) टाचण्या लावून बसवलेल्या बाहीचे फोटो, असं सगळं पुढे आलं आणि रंगवलेली चित्रं मागे गेली. बांधलेल्या वहीत हे जमलंच नसतं. मुलाखत घेणारे विचार कसा पुढे गेला ते बघतात, आणि तो या कच्च्या पानांतच दिसतो.

माणसं काढायला बुधवारच्या बाजाराइतकी चांगली जागा नाही. फॅशनच्या चित्रात शरीर ९ डोक्यांचं धरतात, खरं माणूस साधारण साडेसात. आधी खरं माणूस हातात बसू द्या. गोदाघाटावर भाजी घेऊन बसलेल्या आजींचं नऊवारी बघा: बसल्यावर कासोट्याचा ताण कमरेपासून गुडघ्यापर्यंत तिरका जातो आणि निऱ्या मधेच फुगतात. ही घडी फोटो बघून कळत नाही.

आता फाईलच्या उणिवा. कप्प्याचं प्लास्टिक ट्यूबलाईटखाली फार चमकतं, त्यामुळे पोर्टफोलिओच्या पीडीएफसाठी फोटो पान बाहेर काढून, खिडकीच्या उजेडातच घ्या. कोळशाचं किंवा मऊ पेन्सिलचं काम प्लास्टिकला लागतं, फिक्सेटिव्ह (काम कागदावर पक्कं करणारा फवारा) मारल्याशिवाय आत घालू नका. जुलैच्या दमट हवेत जलरंगाचं पान रात्रभर वाळवून मगच ठेवावं. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद पाणी झेलतो, पातळ कागद वाकतो. कापडाचे तुकडे ५ सेंटिमीटरचे आणि एका पानावर चारपेक्षा जास्त नकोत, नाहीतर फाईल मिटत नाही.

निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेच्या बी.डेस.ची (डिझाईनच्या पदवीची) तयारी करणाऱ्यांनी मात्र लक्षात घ्या, तिथे पोर्टफोलिओ मागत नाहीत. लेखी परीक्षा होते आणि पुढे सिच्युएशन टेस्टमध्ये दिलेल्या साहित्यातून वस्तू उभी करायची असते. पोर्टफोलिओ लागतो तो बऱ्याच खासगी संस्थांच्या मुलाखतीला. तरी कागदी पट्ट्या आणि मांजरपाटाचं काम सिच्युएशन टेस्टलाही उपयोगी पडतं, हात चालायला लागतो.

४० कप्प्यांची फाईल घेऊ नका. रिकामे कप्पे दिसले की ते भरण्यासाठी कमकुवत कामही आत जातं. आणि खांद्याला लावायचा पट्टा असलेली बॅग सोबतच घ्या. मुंबईला मुलाखतीला पंचवटी एक्स्प्रेसने जाताना गर्दीत ए३ फाईल हातात धरून उभं राहणं फार अवघड जातं.