दुसरा सूर धरायचाय? मग आधी कुणाला ऐकावं

गेल्या दिवाळीत माझ्या दोन मावसबहिणी चकल्या पाडता पाडता गात होत्या. थोरली बारा वर्षं शास्त्रीय शिकलेली, धाकटीचा गळा मुळातच गोड. थोरलीने षड्जावरून ओळ उचलली आणि धाकटीने तीच ओळ, तेच शब्द, गंधारावरून धरले. चार-पाच शब्द असे काही जुळले की सोऱ्या फिरवणारा हात थांबला. पुढच्याच शब्दाला धाकटी घसरली आणि थोरलीच्या सुरात येऊन बसली. पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा तिथेच घसरली. थोरली म्हणाली, "असं शेवटपर्यंत गाणारे कुणीतरी असतीलच की. कुणाला ऐकू, सांग."

असं गाणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत एकाच माइकभोवती दोघं, तिघं, चौघं उभे राहून वेगवेगळ्या सुरांत एकच गाणं गात, आणि ती गाणी घराघरांत पोचली होती. याला एक साधं कारण होतं. १९२५ पासून ध्वनिमुद्रण विजेवर होऊ लागलं, माइक आला आणि ओरडून गायची गरज उरली नाही. हळू आवाजात, एकमेकांचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ उभं राहून गाता येऊ लागलं. कुणाचा आवाज जड झाला तर तो अर्धं पाऊल मागे सरके. सगळा तोल त्या अर्ध्या पावलात असे.

बहिणीपुढे मी सहा नावं ठेवली: मिल्स ब्रदर्स, अँड्र्यूज सिस्टर्स, प्लॅटर्स, एव्हर्ली ब्रदर्स, फोर फ्रेशमेन आणि बीच बॉइज. यांत थोर कोण, हा प्रश्न इथे नाहीच. मी कसोटी एकच लावली आहे. गाणं चालू असताना मुख्य चाल सोडून दुसरा गळा कानाने धरता येतो का, आणि तो शेवटपर्यंत गुणगुणता येतो का?

आपल्याला हे जड का जातं, ते आधी सांगते. लहानपणापासून आपण सुरात सूर मिळवायला शिकतो. तानपुऱ्याशी मिळवायचा, पेटीशी मिळवायचा, भजनात बुवांनी टाकलेली ओळ टाळकऱ्यांनी तशीच्या तशी झेलायची. आपल्याकडे मिळणं म्हणजे एक होणं. इथे मात्र एक न होता शेजारी राहायचं असतं. धाकटी घसरली ती कच्ची म्हणून नाही. इतक्या वर्षांची सवय तिला ओढत होती. तरीही हे सगळं आपल्या कानांना अगदीच परकं नाही. गोव्यात मांडो ही कोंकणी गीतं दोन गळ्यांत गातात. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत गाणाऱ्याच्या मागे व्हायोलिनं निराळ्याच सुरांत चालतात, ती सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या अरेंजर्सनी, म्हणजे वाद्यमेळ रचणाऱ्यांनी, लिहिलेली. म्हणजे कानावर हे कधीच पडलेलं आहे, त्याकडे लक्ष तेवढं गेलेलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. सुरुवात एव्हर्ली ब्रदर्सपासून करा.

डॉन आणि फिल हे दोघे सख्खे भाऊ, डॉन १९३७ चा, फिल १९३९ चा. घराणं केंटकीचं, वडील गिटार वाजवणारे. आयोवातल्या शेनन्डोआ गावच्या रेडिओवर आईवडिलांबरोबर दोघं पोरवयातच गाऊ लागले. १९५७ मध्ये 'बाय बाय लव्ह' आलं, १९५८ मध्ये 'ऑल आय हॅव टू डू इज ड्रीम'. डॉन खाली, फिल वर. गळे दोनच असल्यामुळे हिशेब सोपा: एक सोडला की दुसरा हाती येतो.

फिल काय करतो ते सरगमीत मांडलं तर चटकन कळेल. पुष्कळ जागी तो डॉनच्या दोन पायऱ्या वर असतो. डॉन सा वर तर फिल ग वर, डॉन रे वर तर फिल म वर, डॉन ग वर तर फिल प वर. ऐकताना वाटतं, दोघांमधलं अंतर सारखंच आहे. पण पेटीवर बोटं ठेवून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजा. सा ते ग चार पट्ट्या, रे ते म मात्र तीनच. ग ते प पुन्हा तीन, म ते ध चार. म्हणजे वरचा गळा कधी एक पट्टी जवळ येतो, कधी एक पट्टी दूर जातो. माझी धाकटी मावसबहीण नेमकी इथेच घसरत होती. सा-ग चं अंतर तिने पक्कं धरलं आणि रे वरही तेवढंच ठेवायला गेली. तिथे शुद्ध मध्यमाऐवजी तीव्र मध्यम लागू लागला, कानाला खटकलं, आणि घाबरून ती थोरलीच्या सुरात शिरली. हे एकदा पेटीवर दाखवल्यावर तिला अर्ध्या तासात जमलं.

फिलचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्याचा वरचा गळा म्हणजे नुसती भर नव्हे. तो एकटा काढून गायलात तरी स्वतंत्र चाल वाटते. त्यामुळे तो धरून ठेवायला काहीतरी सापडतं. 'ड्रीम'मध्ये तो एकच शब्द ते पुन्हा पुन्हा लांबवत जातात, तिथे हेडफोन लावून फक्त वरचा गळा धरा. दोन-तीनदा ऐकल्यावर खालचा गळा आपोआप मागे सरकतो.

त्याहून स्वच्छ हवं असेल तर त्यांची १९५८ चीच 'साँग्ज अवर डॅडी टॉट अस' ही तबकडी ऐका. वडिलांकडून आलेली जुनी गाणी, साथीला जेमतेम एक गिटार आणि एक बेस. तालवाद्यांचा गलबला नाही, मागे कोरस नाही. दोन भावांमधली हवासुद्धा ऐकू येते. मी स्वतः शिकले ती याच तबकडीवरून, आणि अजूनही महिन्यातून एकदा लावते.

या भावांचं पुढे बिनसलं. जुलै १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात भर कार्यक्रमात फिलने गिटार आपटली आणि तो निघून गेला. नंतर दहा वर्षं ते एकत्र गायले नाहीत. सप्टेंबर १९८३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पुन्हा उभे राहिले तेव्हाचं मुद्रण उपलब्ध आहे. ते ऐकताना मला दर वेळी भरून येतं. दहा वर्षांचा अबोला, आणि गळे मात्र जसेच्या तसे एकमेकांत बसलेले.

मिल्स ब्रदर्सना मी दुसरा नंबर देते, आणि घरात खर्जाचा गळा असेल तर पहिलाही देईन. ओहायोतल्या पिक्वा गावचे चार कृष्णवर्णीय भाऊ: जॉन, हर्बर्ट, हॅरी, डोनाल्ड. वडिलांचं केशकर्तनाचं दुकान होतं आणि ते स्वतः चौकडीत गात. मुलांनी आणखी एक विद्या कमावली, गळ्याने वाद्यं वाजवायची. हॅरी ओंजळ तोंडाशी धरून ट्रंपेट काढी, जॉन खालून बेस धरी आणि सोबत एकच गिटार. १९३१ चं 'टायगर रॅग' ऐकताना एवढा बँड कुठे बसलाय असं वाटतं. ऐकणाऱ्यांचा विश्वास बसेना, म्हणून तबकडीच्या लेबलवरच छापावं लागे की एका गिटारीशिवाय कोणतंही वाद्य वापरलेलं नाही.

शिकणाऱ्याला यांचा फायदा असा की चौघांची कामं चार तऱ्हेची आहेत. एक शब्द गातो, एक ट्रंपेट होतो, एक खालून ठोके देतो. त्यामुळे गळे वेगळे काढायला त्रास होत नाही. खर्ज तर इतका स्पष्ट की पायाने ताल धरावा तसा तो धरता येतो. १९३६ मध्ये थोरला जॉन गेला, आणि त्याच्या जागी वडील येऊन उभे राहिले. मुलाच्या जागेवर बाप खर्ज लावतोय, हे ठाऊक झाल्यापासून त्यानंतरच्या गाण्यांतला खालचा सूर मला निराळाच ऐकू येतो. १९४३ मध्ये बारा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेलं 'पेपर डॉल' घ्या. सुरुवात संथ आहे, प्रत्येक गळा मोजता येतो, आणि मध्येच लय अशी उचलते की बसल्या जागी मान डोलते.

तुम्ही तिघी बायका असाल तर मात्र क्रम बदला आणि थेट अँड्र्यूज सिस्टर्सकडे जा. पुरुषांच्या चौकडीतला खर्ज बायकांना लागत नाही, मग पट्टी वर चढवायची आणि वरचा गळा ताणायचा, असली ओढाताण नको. मिनियापोलिसच्या या तिघी बहिणींत पॅटी मुख्य चाल गाते, मॅक्सीन तिच्या वर आणि लाव्हर्न तिच्या खाली. सगळं बायकांच्या पट्टीतच बसलेलं. १९३७ मध्ये मुद्रित झालेलं 'बाय मीर बिस्ट दू शेन' हे मूळ यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) नाटकातलं गाणं, त्याच्या संगीतकाराने हक्क अवघ्या ३० डॉलरना विकून टाकले होते. ते या बहिणींनी गायलं आणि देशभर वाजलं. महायुद्धाच्या काळात तर सैनिकांना त्यांचे आवाज पाठ होते.

अडचण वेगाची आहे. 'बूगी वूगी ब्यूगल बॉय' इतकं धावतं की शब्द धरावेत तर सूर सुटतो. शिवाय तिघींचे गळे एकमेकींत असे मिसळलेत की लाव्हर्नचा खालचा सूर शोधावा लागतो. तो सापडला की मजा आहे, पण त्यासाठी कान आधी तयार हवा. ज्यांना या आवडतील त्यांनी एक पाऊल मागे जाऊन न्यू ऑर्लिन्सच्या बॉसवेल सिस्टर्स जरूर ऐकाव्यात. अँड्र्यूज बहिणी त्यांचं ऐकूनच घडल्या. गाण्याच्या मधोमध लय आणि चाल पालटण्याचं धाडस बॉसवेल बहिणींत जास्त होतं, आणि माझं मन अधिक रमतं ते त्यांच्यात.

प्लॅटर्सबद्दल थोडक्यातच सांगते. भावगीत, गझल ऐकणाऱ्याला यांची गाणी पहिल्या फटक्यात आवडतात. १९५५ चं 'ओन्ली यू' किंवा 'स्मोक गेट्स इन युअर आइज' लावा, टोनी विल्यम्सचा गळा वर चढतो तेव्हा अंगावर काटा येतो. पण तो एकट्याचा गळा आहे. बाकीचे मागे मंद रांगोळी घालतात. सुंदर घालतात, हर्ब रीडचा खर्ज तर फार देखणा आहे, तरी तुमचं लक्ष टोनीवरून हटणार नाही. आनंदासाठी रोज ऐका, दुसरा सूर शिकायचा म्हणून नको.

उरले फोर फ्रेशमेन आणि बीच बॉइज. या दोघांना वेगळं काढता येत नाही.

फोर फ्रेशमेन १९४८ मध्ये इंडियानापोलिसच्या संगीत महाविद्यालयात एकत्र आले. ते गातही आणि स्वतःच वाजवतही. सा-ग-प ही साधी जोडणी त्यांना पुरत नसे. त्यात नि घालायचा, ध घालायचा, वरचा रे घालायचा आणि गळे एकमेकांपासून लांब पसरायचे. पुष्कळदा मूळ षड्ज कुणीच गात नाही, तो आपला कान भरून काढतो. मुख्य चाल सहसा सगळ्यांत वर, बॉब फ्लॅनिगनच्या गळ्यात. १९५२ चं 'इट्स अ ब्लू वर्ल्ड' ऐका. या सहांमधलं सगळ्यांत बारीक काम इथे आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. नवख्या कानाला मात्र तो एकच धुकट, मोठा सूर वाटतो. आतले दोन गळे हाताला लागत नाहीत. माझ्या बहिणीने पहिल्याच दिवशी हे लावलं असतं तर "छान आहे" म्हणून तिने ते बंद केलं असतं.

कॅलिफोर्नियाच्या हॉथॉर्नमध्ये एक मुलगा हेच ऐकत बसे. ब्रायन विल्सनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. तो फोर फ्रेशमेनच्या तबकडीचा इवलासा तुकडा लावायचा, थांबवायचा, पियानोवर प्रत्येक गळा शोधायचा, मग पुढचा तुकडा. सापडलेले गळे घरच्यांना वाटून द्यायचा. त्यातूनच १९६१ मध्ये बीच बॉइज उभे राहिले: ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे भाऊ, आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डीन. १९६६ च्या 'पेट साउंड्स'मधलं 'गॉड ओन्ली नोज' एकोणीस वर्षांच्या कार्लने गायलंय, आणि शेवटी गळे एकमेकांच्या मागून असे येत राहतात की गाणं संपूच नये असं वाटतं. जून २०२५ मध्ये ब्रायन गेला त्या रात्री मी तो शेवट किती वेळा लावला ते मोजलं नाही.

पण शिकायला? स्टुडिओत एकावर एक आवाज चढवलेले असल्यामुळे गळे किती आहेत हेच कळत नाही. एक अपवाद आहे, १९६३ चं 'इन माय रूम'. एक गळा सुरू होतो, मग त्यात दुसरा येऊन मिळतो, मग आणखी. प्रत्येकाचं आगमन ऐकू येतं. एव्हर्लींवर महिनाभर कान बसला की हे गाणं घ्या, आणि त्यानंतर फोर फ्रेशमेन.

रीत ब्रायनचीच ठेवा. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून बसू नका. दहा सेकंद ऐका, थांबवा, पेटीवर वरचा सूर शोधा, तो एकटा म्हणा, मग तबकडीबरोबर म्हणा. घसरलात तर त्याच दहा सेकंदांवर परत या. माझ्या दोघी बहिणी सध्या 'ड्रीम'च्या दुसऱ्या कडव्यावर आहेत, आणि आता कधी कधी थोरलीच वरचा सूर मागून घेते.