नॅशव्हिलचे ग्रँड ओल ऑप्री: आधी रेडिओ, मग मैफल

ग्रँड ओल ऑप्री हा कंट्री संगीताचा, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या गाण्यांचा, जुना कार्यक्रम पाहायला अटलांटाच्या उपनगरातून शनिवारी सकाळी सातला निघालेल्या आम्हा चौघा मित्रांपैकी या संगीताचा खरा भक्त एकच होता. उरलेल्यांपैकी एक तबला वाजवणारा, एक गाडी चालवायला मिळते म्हणून आलेला, आणि मी घरी बसून कंटाळलेला. आय-75ने चॅटनूगा आणि तिथून आय-24ने नॅशव्हिल हे अंतर सुमारे 400 किलोमीटर, म्हणजे चार तासांचे आहे. चॅटनूगानंतर वेळेचा पट्टा बदलून घड्याळ एक तास मागे जाते, त्यामुळे वाटेत चहाला थांबूनही आम्ही साडेदहाच्या आधी पोहोचलो. हा फुकटचा तास रविवारी परत करावा लागतो, तेव्हा सोमवारी ज्यांना कामावर जायचे आहे त्यांनी परतीची वेळ जपून ठरवावी. परतताना मॉंटीगलचा उतारही लागतो, आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी तिथे बाजूला काढलेले खडीचे रस्ते पाहून खंडाळ्याच्या घाटात गाडी चालवलेला माणूसही आपसूक वेग कमी करतो.

ऑप्रीला जाण्याआधी दुपारी रायमन सभागृह पाहावे, असा माझा आग्रह राहील. 1892 साली प्रार्थनामंदिर म्हणून उभ्या राहिलेल्या या विटांच्या इमारतीत 1943 ते 1974 या काळात ऑप्रीचे कार्यक्रम होत असत. चर्चची लाकडी बाके आजही तशीच आहेत, आणि अर्धा तास बसल्यावर पाठ त्यांचे वय सांगू लागते. 1974 मध्ये ऑप्री शहराबाहेरच्या नव्या, सुमारे 4,400 आसनांच्या वास्तूत गेले, तेव्हा रायमनच्या रंगमंचातून ओक लाकडाचे सहा फूट व्यासाचे एक वर्तुळ कापून नव्या रंगमंचाच्या मधोमध बसवण्यात आले. 2010च्या मे महिन्यातल्या पुरात त्या रंगमंचावर 46 इंच पाणी चढले होते. वर्तुळ मात्र वाचले आणि त्याच वर्षी पुन्हा जागेवर आले. गायक त्या वर्तुळात पाऊल टाकण्यापूर्वी क्षणभर खाली पाहतात. रंगमंचाला नमस्कार करून प्रवेश करणारे नट पाहत वाढलेल्या माणसाला या गोष्टीचे स्पष्टीकरण लागत नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रमाविषयी एक गोष्ट आधीच समजून घेतली, तर अपेक्षाभंग टळेल. ही एका कलावंताची मैफल नव्हे, हा रेडिओचा कार्यक्रम आहे. एका विमा कंपनीच्या डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्रावर 28 नोव्हेंबर 1925 रोजी 77 वर्षांच्या एका फिडलवादकाच्या (फिडल म्हणजे व्हायोलिनच) वादनाने तो सुरू झाला आणि त्याची शंभरी उलटून गेली. दोन तासांत सात-आठ कलावंत येतात, प्रत्येकजण दोन-तीन गाणी म्हणतो आणि जातो. मधल्या वेळेत बाजूला उभा असलेला निवेदक जाहिराती वाचून दाखवतो, त्याही सगळ्या प्रेक्षकांसमोर, भरदार आवाजात आणि जराही न संकोचता. आमच्या भक्त मित्राला आपल्या आवडत्या गायिकेची तीनच गाणी मिळाली म्हणून चुटपुट लागली. मला मात्र ही विरळ होत चाललेली गोष्ट फार आवडली, कारण ऐंशीच्या घरातला गायक, त्याच्यामागून नुकतेच पहिले गाणे गाजलेली मुलगी आणि मग लाकडी फळ्या दणाणून सोडणारे स्क्वेअर डान्सचे नर्तक, हा क्रम "आपली आवड" ऐकत बसण्याच्या जवळ जातो. पुढे काय येणार हे आपल्या हातात नसते, आणि त्यातच मजा असते.

तबलजी मित्राचे लक्ष गायकांकडे नव्हतेच. त्याने मला पेडल स्टील गिटार वाजवणाऱ्याकडे पाहायला लावले. हे वाद्य मांडीवर नसते. टेबलासारख्या पायांवर उभे असते, डाव्या हातातली धातूची कांडी तारांवरून सरकते, पाय पेडल दाबतात आणि गुडघे खालच्या दांड्यांना डावी-उजवीकडे ढकलतात. दोन तारा सरकत असताना तिसरी जागेवरच थांबते, म्हणजे एकाच वेळी मींड आणि स्थिर सूर. वरून पाहणाऱ्याला वादक शांत बसलेला दिसतो, आणि टेबलाखाली मात्र शिलाईयंत्र चालल्यासारखी धावपळ असते. गाण्याचे शब्द ज्याला फारसे कळत नाहीत त्याने कार्यक्रमभर केवळ हा माणूस पाहिला तरी तिकिटाचे पैसे वसूल होतात.

ऑप्रीच्या इतिहासाच्या मांडणीत मला एक नाव अधिक ठळक हवे होते. डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय माउथऑर्गनवादक सुरुवातीच्या काळातला अत्यंत लोकप्रिय कलावंत होता, आणि 1927 साली "ग्रँड ओल ऑप्री" हे नाव निवेदकाच्या तोंडून प्रथम उच्चारले गेले ते त्याच्याच वादनाच्या वेळी. 1941 मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली ती 2005 साली, त्याच्या मृत्यूनंतर.

तिकिटांच्या बाबतीत आम्ही हात पोळून घेतले. घाईघाईत पुनर्विक्री करणाऱ्या एका संकेतस्थळावरून दामदुप्पट भावाने तिकिटे घेतली, आणि मग लक्षात आले की ऑप्रीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्याच रांगेतली तिकिटे अजून शिल्लक होती. बाल्कनीतूनही उत्तम दिसते आणि त्याहून उत्तम ऐकू येते, त्यामुळे पुढच्या रांगांसाठी जादा पैसे मोजू नयेत. हॉट चिकन खायचे असेल तर ते आधी खावे, आणि पहिल्यांदा मध्यम तिखटच मागवावे; लाल मिरचीच्या त्या लेपाने आमच्यातल्या कोल्हापूरकरालाही दोनदा पाणी मागायला लावले.

कार्यक्रम संपून बाहेर आलो तेव्हा त्या रात्रीचा दुसरा खेळ सुरू व्हायचा होता. गाड्यांच्या रांगेत अडकलो असताना कोणीतरी रेडिओ 650वर, म्हणजे डब्ल्यूएसएमवर, लावला, आणि रांग हलायच्या आत तोच निवेदक तीच जाहिरात तितक्याच उत्साहाने पुन्हा वाचू लागला.